लो-कॉस्ट एअरलाईनमध्ये बेस कसा मिळतो आणि सीनियॉरिटी कशी चालते: नवीन पायलट आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) झालं, टाईप रेटिंग (ठराविक जातीचं विमान उडवण्याचं ट्रेनिंग) झालं, ऑफर लेटर हातात आलं की घरात दोनच प्रश्न विचारले जातात, पगार किती आणि मुंबई-पुणं मिळेल का. पगाराचं उत्तर लेटरमध्ये असतं. दुसऱ्याचं उत्तर कुणीच नीट देत नाही, कारण ते एका ओळीत देता येत नाही, आणि ज्यांना माहीत असतं ते सीनियर आपापल्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, बुडालेले असतात. मी बरीच वर्षं एअरलाईनच्या क्रू प्लॅनिंगमध्ये काम केलंय, म्हणजे कुठल्या बेसवर किती पायलट लागणार, कुणाची बदली कधी होणार, हे टेबलाच्या त्या बाजूने बघितलंय. गोंदिया-बारामतीला ट्रेनिंग केलेली, कर्ज काढून तिथवर पोचलेली मुलं फक्त नियम माहीत नसल्यामुळे दोन-दोन वर्षं नको त्या शहरात अडकलेली बघितली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाका. सीनियॉरिटी, म्हणजे पायलटांच्या यादीतला तुमचा नंबर, डीजीसीए ठरवत नाही. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, लायसन्स देतं, मेडिकल बघतं, ड्यूटी आणि विश्रांतीचे तास ठरवतं, नोकरी सोडताना किती नोटीस द्यायची तेही त्यांच्या नियमात आहे. पण तुम्ही यादीत कितवे, तुम्हाला कुठला बेस, कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला, आधी कुणाला बोलवायचं, हा सगळा कंपनीच्या अंतर्गत पॉलिसीचा भाग. त्यामुळे एका कंपनीतल्या मित्राचा अनुभव दुसऱ्या कंपनीत जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेत हे युनियनशी केलेल्या करारात लिहिलेलं असतं, तिथे साऊथवेस्टसारख्या कंपनीत तुमचा नंबर लागला की पुढची सगळी वर्षं बेस, रोस्टर, सुट्टी, कॅप्टनची सीट, सगळं त्या एका नंबरवर चालतं आणि कुणी मधे घुसू शकत नाही. आपल्याकडे इतकं कडक नाही, आपल्याकडे पॉलिसी असते आणि पॉलिसीत जवळजवळ नेहमी एक वाक्य असतं, 'ऑपरेशनल गरजेनुसार कंपनी बदल करू शकते'. हे वाक्य वाचून घाबरायचं कारण नाही पण विसरायचं पण नाही.

नंबर लागतो कधी

बहुतेक ठिकाणी जॉइनिंगची तारीख धरतात. पण जॉइनिंग म्हणजे नक्की काय हे विचारा. काही ठिकाणी ग्राउंड क्लासचा पहिला दिवस, काही ठिकाणी कन्फर्मेशन, तर काही ठिकाणी तुम्ही लाईनवर रिलीज झालात, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या फ्लाईट्सवर लागलात, ती तारीख. रिलीजची तारीख धरत असतील तर ट्रेनिंगमध्ये झालेला प्रत्येक उशीर तुमच्या नंबरला लागतो, मग तो सिम्युलेटरचा स्लॉट मिळाला नाही म्हणून असो की इन्स्ट्रक्टर रजेवर होता म्हणून. त्यात तुमचा काही दोष नसतो तरी नंबर मागे जातो. असं असेल तर ट्रेनिंग विभागाच्या मागे लागणं, मेल करणं, तारखा लेखी घेणं ह्यात लाजू नका.

एकाच दिवशी पंचवीस जण जॉइन झाले तर त्यांच्यात क्रम कसा? कुठे वयाने मोठा तो पुढे, कुठे ट्रेनिंगच्या मार्कांनी, तर कुठे लायसन्सच्या तारखेने. ऐकायला फालतू वाटतं पण पाच-सहा वर्षांनी कमांडचा एक बॅच बाराव्या नंबरवर संपतो आणि तेरावा पुढच्या बॅचपर्यंत थांबतो, तेव्हा हा क्रम फार मोठा होतो.

म्हणून एक सल्ला मी सगळ्यांना देते. तुमच्या मनात एकच कंपनी पक्की असेल आणि त्यांनी दोन तारखा दिल्या असतील, तर आधीची घ्या. भावाचं लग्न असेल तर ट्रेनिंगमधून दोन दिवसांची सुट्टी मागा, पण बॅच पुढे ढकलू नका. पगार पुढे वाढतो, बेस पुढे बदलतो, जॉइनिंगची तारीख मात्र नंतर कधीच बदलता येत नाही.

बेस म्हणजे काय आणि तिथे जागा किती

बेस म्हणजे जिथून तुमची ड्यूटी सुरू होते आणि जिथे संपते असं कंपनीने ठरवून दिलेलं शहर. बेसवर तुम्ही स्वतःच्या घरी राहता, भाडं तुमचं. बेसच्या बाहेर रात्र काढली तर हॉटेल, गाडी आणि लेओव्हर अलाउन्स कंपनीचा. एवढा एक फरक डोक्यात ठेवलात तर पुढचं अर्धं समजेल, कारण लो-कॉस्ट कंपनीचा सगळा जीव हॉटेलचा खर्च वाचवण्यात असतो. त्यांना पायलट सकाळी पुण्यातून निघून चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करून दुपारी पुण्यातच परत आलेला हवा असतो. शक्यतो सगळी विमानं एकाच जातीची, म्हणजे कुठलाही पायलट कुठल्याही विमानावर, आणि जिथे विमान रात्री उभं राहतं तिथेच सकाळचा क्रू राहायला हवा.

म्हणून बेसवर किती पायलट लागणार हे तिथे रात्री किती विमानं पार्क होतात त्यावर ठरतं. हिशोब सोपा आहे, घरी पण करता येतो. एक विमान दिवसाला सरासरी बारा तास उडलं तर वर्षाला ४,३८० तास. एक पायलट नियमाप्रमाणे वर्षात १,००० तासांच्या वर उडू शकत नाही, आणि रजा, सिम्युलेटर, मेडिकल, आजारपण, साप्ताहिक विश्रांती हे सगळं वजा केलं तर आपण ८०० धरू. म्हणजे एका विमानामागे साधारण साडेपाच जोड्या. पुण्यात सहा विमानं रात्री उभी राहत असतील तर तेहतीस कॅप्टन आणि तेहतीस फर्स्ट ऑफिसर (एफओ, म्हणजे सहवैमानिक), स्टँडबाय (आयत्या वेळी बोलवायला राखीव) आणि ट्रेनिंग धरून थोडे जास्त. बस. कंपनीत हजारो पायलट असले तरी पुण्यात जागा एवढ्याच.

आणि ही विमानं वाढणार कधी? स्लॉट, म्हणजे विमानतळावर उडायच्या-उतरायच्या ठरलेल्या वेळा, मिळाले तर. मुंबईला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, त्यामुळे तिथे नवीन विमान उभं करणं किती अवघड आहे हे प्लॅनिंगमधला कुणीही सांगेल. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथे पण मोकळीक नाही. विमानं झपाट्याने वाढतात ती जिथे जागा आहे तिथे, आणि नवीन मुलं पण तिथेच जातात. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि बेसची जागा उघडणं-बंद होणं बहुतेक ह्याच दोन तारखांच्या आसपास होतं. बदलीची आशा असेल तर त्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ज सिस्टिममध्ये असायला हवा, नंतर फोन करून उपयोग नसतो.

ड्यूटीचे नियम बदलले की पण हा हिशोब बदलतो. डीजीसीएचे नवे एफडीटीएल, म्हणजे उड्डाण आणि ड्यूटीच्या तासांचे नियम, २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, जुलै आणि नोव्हेंबर. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. म्हणजे तेवढीच विमानं उडवायला जास्त पायलट. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली त्यामागे हेच गणित होतं, नवीन नियमांना पुरतील एवढे क्रू नव्हते आणि शेवटी काही अटींवर तात्पुरती सूट द्यावी लागली. तुमच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की जोड्यांचा आकडा वर सरकतो आणि बेसवरच्या जागा पण.

पहिला बेस

जॉइन होताना फॉर्मवर तीन पसंती विचारतात. भरा, नीट विचार करून भरा, पण पहिली पसंती मिळेल असं धरून घर भाड्याने घेऊ नका. प्लॅनिंगमध्ये आम्ही आधी रिकाम्या जागा बघायचो, मग बॅचमधला क्रम, आणि मग पसंती. मुंबईला दोन जागा असतील आणि बॅचमध्ये नऊ जणांनी मुंबई लिहिली असेल तर सात जणांना दुसरीकडे जावंच लागतं, त्यात कुणाचा राग नसतो, ओळख पण चालत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीला लोक काहीही लिहितात, तिथे खरी मेख आहे. पहिली पसंती लिहा मनासारखी, दुसरी अशी लिहा जिथे खरोखर जागा निघतात आणि जिथून घरी जायला दिवसभर फ्लाईट्स आहेत. नागपूरच्या मुलाने दुसरी पसंती दिल्ली किंवा हैदराबाद लिहिली तर त्याला महिन्यातून काही वेळा घर दिसेल.

टेम्पररी बेस आणि पर्मनंट बेस ह्यात पैशाचा फरक आहे. टेम्पररी पोस्टिंगवर पाठवलं तर साधारणपणे राहण्याची सोय किंवा भत्ता मिळतो, पर्मनंट केलं की नाही. त्यामुळे मेलमध्ये कुठला शब्द आहे आणि शेवटची तारीख दिली आहे का ते बघा. तारीख नसलेलं टेम्पररी पोस्टिंग आलं तर नम्रपणे उत्तर पाठवून तारीख मागून घ्या.

बदलीचा अर्ज

इथे दोन पद्धती आहेत. एक, जागा निघाली की अर्ज केलेल्यांपैकी जो सर्वात सीनियर त्याला. दोन, ज्याचा अर्ज आधी आला त्याला, सीनियॉरिटी काही असो. तुमच्या कंपनीत कुठली आहे हे पहिल्याच महिन्यात विचारा, कारण दोन्हीत वागणं वेगळं. अर्जाच्या तारखेवर चालत असेल तर पात्र झालात त्याच दिवशी अर्ज टाका, आत्ता जायचं नसलं तरी. सीनियॉरिटीवर चालत असेल तर तुमच्या पुढे रांगेत कोण कोण आहे हे बघत राहावं लागतं, आणि रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखं नंबर अचानक चार महिने हलत नाही आणि मग एका दिवशी पाचने पुढे जातो, कारण एका बॅचला कमांड लागलेली असते.

अर्जाबरोबर येणाऱ्या अटी वाचा. लॉक-इन किती, म्हणजे एकदा बदली घेतली की परत किती काळ मागता येत नाही. मिळालेली बदली नाकारली तर काय होतं, काही ठिकाणी नाव शेवटी जातं. नवरा-बायको दोघंही कंपनीत असतील किंवा घरात गंभीर आजारपण असेल तर वेगळा अर्ज करता येतो का. आणि बदली तुम्ही मागितली असेल तर सामान हलवायचा खर्च तुमचा, कंपनीने केली असेल तर बहुतेक कंपनीचा, हे पण.

आता बेसवरचा नंबर. हे समजलं की लोकांचे डोळे उघडतात. समजा कंपनीत १,२०० फर्स्ट ऑफिसर आहेत आणि तुमचा नंबर ८००. दिल्लीत ३०० एफओ आहेत, त्यांच्यात तुम्ही १८० व्या जागी, म्हणजे मधल्या फळीच्या थोडं खाली. तुम्ही पुण्याला आलात. पुण्यात पस्तीस एफओ आहेत आणि त्यातले तेहतीस तुमच्या पुढचे. कारण जो एकदा पुण्यात आला तो तिथून हलत नाही, घर घेतो, मुलं शाळेत घालतो, आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. कंपनीतला तुमचा नंबर एका आकड्यानेही बदललेला नाही, पण दिल्लीत तुम्हाला अधूनमधून मनासारखी सुट्टी मिळायची, पुण्यात दिवाळीची रजा पुढची काही वर्षं विसरा. अमेरिकेत ह्याला सीनियर बेस आणि ज्युनियर बेस म्हणतात, आणि न्यूयॉर्कसारखी महागडी, गर्दीची शहरं तिथे बऱ्याच कंपन्यांत ज्युनियर असतात कारण जुनी माणसं संधी मिळाली की निघून जातात. आपल्याकडे पण प्रत्येक कंपनीत अशी एक-दोन शहरं आहेत. रजेला महत्त्व असेल तर ज्युनियर बेसवर राहणं वाईट नाही, रोज घरी झोपायला महत्त्व असेल तर छोट्या बेसवर शेवटचा नंबर पण चालतो. मला विचाराल तर लहान मुलं असलेल्यांनी घराकडचा बेस घ्यावा आणि रजेचं दुःख करू नये.

बेस एकीकडे, घर दुसरीकडे

मुंबई बेस आणि घर पुण्यात, हे आपल्याकडे फार लोक करतात. चालतं, पण स्टँडबायच्या दिवशी चालत नाही. स्टँडबायला फोन आल्यावर ठराविक वेळात रिपोर्ट करावं लागतं आणि बोरघाटात पावसाळ्यात एक ट्रक आडवा झाला की सगळं संपलं. म्हणून मुंबई बेसची मुलं विमानतळाजवळ मरोळ-चकाल्याला तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतात, स्टँडबाय आणि पहाटेच्या ड्यूटीला तिथे, बाकी दिवस घरी. हा फ्लॅटचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

दुसऱ्या शहरातून विमानाने येणार असाल तर स्टाफ तिकीट हे जागा उरली तरच असतं. शुक्रवारी संध्याकाळी, गणपतीत, लग्नसराईत जागा उरत नाही. ड्यूटीच्या आदल्या दिवशी या, शेवटच्या फ्लाईटवर अवलंबून राहू नका, आणि महत्त्वाचं म्हणजे तुम्ही स्वतःच्या सोयीने केलेला हा प्रवास कंपनीच्या ड्यूटीत मोजला जात नाही. कागदावर तुमची विश्रांती पूर्ण झालेली असते आणि प्रत्यक्षात तुम्ही रात्रभर जागे असता. अशा वेळी थकलेलं असाल तर तसं सांगून ड्यूटी सोडा. पुढे बसून दीडशे-पावणेदोनशे लोकांना घेऊन जायचंय.

कमांड आली, पण बेस जातोय

हा भाग सगळ्यात नीट वाचा, कारण आयुष्यातला हा एक निर्णय लोक मित्रांच्या सल्ल्याने घेतात.

कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला १,५०० तास लागतात, त्यावर कंपनी आपली अट घालते, किती तास टाईपवर, किती वर्षं कंपनीत, ट्रेनिंग रेकॉर्ड कसा. ह्या अटी पूर्ण करणाऱ्यांना सीनियॉरिटीने बोलावतात. म्हणजे सीनियॉरिटी तुम्हाला दारापर्यंत नेते, आत जायला सिम्युलेटर आणि लाईन चेक (नेहमीच्या फ्लाईटवरची परीक्षा) पास व्हावाच लागतो. फेल झालात तर एफओ म्हणून परत, दुसरी संधी किती महिन्यांनी ते पॉलिसीत असतं.

समजा तुम्ही पुण्यात सहा वर्षं एफओ आहात, आता बेसवर वरच्या पाचात, रजा मिळते, वीकेंड मिळतात. कमांडचा मेल येतो आणि कॅप्टनच्या जागा आहेत कोलकाता आणि बेंगळुरूला. कारण कॅप्टन आणि एफओची यादी वेगळी, रिकाम्या जागा वेगळ्या. पुण्यात कॅप्टनची जागा निघायला पुण्यातला कुणी कॅप्टन रिटायर व्हायला हवा किंवा विमान वाढायला हवं. तुम्ही डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर गेलात की यादीत परत सगळ्यात खाली, नवीन शहर, पहाटेच्या ड्यूटी, स्टँडबाय, सणाला काम. पगार मात्र खूप वाढतो.

आता खरा प्रश्न, जो फार कमी लोक विचारतात. तुमच्या कंपनीत कॅप्टनची सीनियॉरिटी कशावर मोजतात, कंपनीतल्या जॉइनिंगच्या तारखेवर की कमांड रिलीजच्या तारखेवर? जॉइनिंगच्या तारखेवर असेल तर तुम्ही दोन वर्षं थांबून नंतर कमांड घेतली तरी तुमच्यानंतर जॉइन झालेल्या कॅप्टनच्या वरच बसाल, थांबल्याने नंबर जात नाही, फक्त तेवढ्या काळाचा जास्तीचा पगार जातो. मुलगी दहावीला असेल, आई आजारी असेल, तर थांबणं परवडतं. रिलीजच्या तारखेवर असेल तर थांबण्याचा प्रत्येक महिना कायमचा जातो, आज तुमच्या मागे असलेला मुलगा उद्या कोलकात्याला जाऊन कॅप्टन होतो आणि पुण्यात जागा निघाली की तोच तुमच्या आधी येतो. अशा कंपनीत माझा सल्ला स्पष्ट आहे, मेल आला की घ्या, दोन-तीन वर्षं बाहेर काढा, पहिल्याच दिवशी पुण्याचा बदली अर्ज टाका. नकार द्यायचाच असेल तर किती नकार चालतात ते आधी बघा.

आणखी एक गोष्ट, बाहेरून थेट घेतलेले कॅप्टन. विमानं भराभर येत असली आणि स्वतःचे एफओ अजून पात्र नसले की कंपनी दुसऱ्या कंपनीतून तयार कॅप्टन घेते. ते यादीत कुठे बसतात आणि त्यांना कुठला बेस देतात ह्यावरून ज्युनियर एफओंमध्ये भयंकर नाराजी असते आणि ती मला रास्त वाटते. इंटरव्ह्यूला तुम्हीच विचारू शकता, गेल्या वर्षी कमांड आतल्या लोकांना किती दिल्या आणि बाहेरून किती घेतले. उत्तर टाळलं तरी काहीतरी कळतंच.

कंपनीत दोन जातीची विमानं असतील, उदाहरणार्थ इंडिगोत एअरबस आणि एटीआर, तर एका विमानावरून दुसऱ्यावर जाताना नंबर, बाँड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि बेस ह्यांचं काय होतं हे वेगळं विचारावं लागतं.

रोस्टर आणि रजा

अमेरिकेत पायलट दर महिन्याला पसंती टाकतो आणि कॉम्प्युटर सीनियॉरिटीने वरून खाली वाटत येतो, शेवटच्यांना उरलेलं. आपल्याकडच्या लो-कॉस्ट कंपन्यांत साधारणपणे रोस्टर मध्यवर्ती बनतं, तास सगळ्यांना सारखे वाटायचा प्रयत्न असतो, आणि पसंतीला थोडीशी जागा असते. सीनियॉरिटीचा जोर जास्त दिसतो तो वार्षिक रजेत. त्यामुळे ज्युनियर असाल तर सगळे मागतात ते आठवडे सोडा. गणपतीचे पहिले दोन दिवस मिळणार नाहीत, पण अनंत चतुर्दशीच्या आसपास मिळू शकतात. दिवाळीच्या ऐवजी तुळशीच्या लग्नाला घरी जाणारे कितीतरी पायलट मला माहीत आहेत. आणि स्वॅप करा, सहकाऱ्याशी ड्यूटी बदलून घ्या, तासांच्या नियमात बसत असेल तर रोस्टरिंगवाले सहसा हरकत घेत नाहीत, फक्त आदल्या रात्री नाही, चार-पाच दिवस आधी मागा.

हे सगळं लिहून घेण्यासाठी पायलटांना भांडावं लागलंय. युरोपातल्या लो-कॉस्ट रायनएअरच्या आयर्लंडमधल्या पायलटांनी २०१८ च्या उन्हाळ्यात संप केले त्याचा मुख्य मुद्दाच हा होता की बेस बदली, रजा आणि बढती ह्यांना पारदर्शक सीनियॉरिटी हवी, कुणाच्या मर्जीवर नको.

नंबर शून्यावर जातो तेव्हा

कंपनी बदलली की सीनियॉरिटी सोबत नेता येत नाही. दहा वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला की पगार अनुभवाप्रमाणे मिळेल पण यादीत तो नवीनच. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, आणि दोन्हीकडची अनुभवी माणसं दुसरीकडे जाऊन परत तळापासून उभी राहिली, काहींना शहर पण सोडावं लागलं. म्हणून कंपनी बदलताना फक्त पगाराचा आकडा बघू नका, नवीन ठिकाणी घराजवळचा बेस परत मिळायला किती वर्षं लागतील ते पण मांडा. शिवाय नोटीस आहे, २०१७ पासूनच्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे एफओला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष. २०२३ मध्ये अकासा एअरचे काही पायलट नोटीस न पाळता गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. नोटीसच्या काळात नवीन कंपनीची जॉइनिंग तारीख लांबते, म्हणजे तिकडचा नंबर पण मागे. राजीनामा द्यायचं ठरलं तर रेंगाळू नका.

दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्या एक कराव्या लागतात आणि तिथे कुणीतरी दुखावला जातोच. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्स २००७ मध्ये एकत्र आल्या, आणि पाच वर्षांनी, विलीनीकरणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल येऊन गेल्यावर सुद्धा, बोईंग ड्रीमलायनरचं ट्रेनिंग कुणाला द्यायचं ह्यावरून २०१२ मध्ये ५८ दिवस पायलटांचा संप चालला, कारण त्या ट्रेनिंगमध्ये पुढची सगळी बढती होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये एआयएक्स कनेक्ट (आधीची एअरएशिया इंडिया) एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली. अमेरिकेत ह्यासाठी २००७ चा मॅककॅस्किल-बाँड नावाचा कायदाच आहे, याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र करायच्या, पटलं नाही तर लवादाकडे जायचं. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून जॉइनिंग लेटर, कन्फर्मेशन, रिलीजचा मेल, प्रत्येक सीनियॉरिटी यादीची कॉपी, हे सगळं स्वतःच्या मेलवर ठेवा, कंपनीच्या मेलवर नाही. नोकरी गेली की कंपनीचा मेल पहिल्यांदा बंद होतो.

बिनपगारी रजा, लांबलेलं मेडिकल अनफिट, बाळंतपणाची रजा, ह्यात नंबर टिकतो का तेही लेखी विचारा. मुलींना खास सांगते, गरोदरपणात फ्लाईंग बंद होतं, परत आल्यावर रिकरंट ट्रेनिंग लागतं, आणि त्या काळात तुमच्या बॅचला कमांड लागली तर तुमची जागा राखली जाते की तुम्ही पुढच्या बॅचला जाता, हे आधी माहीत असावं. ह्याचं उत्तर एचआरला फोनवर विचारू नका, मेल करा.

मुंबईकडच्या लोकांसाठी सध्या एक वेगळाच प्रश्न उभा आहे. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, आणि तुमच्या लेटरवर बेस 'मुंबई' लिहिलं असेल तर त्यात नवी मुंबई येते का ते कंपनीकडून स्पष्ट करून घ्या. दोन्ही मिळून एक बेस धरला तर आज पहाटे सांताक्रूझ (मुंबई) आणि उद्या उलवे (नवी मुंबई) असं होऊ शकतं, मग घर कुठे घ्यायचं, कंपनीची गाडी कुठून कुठपर्यंत येणार, स्टँडबायला किती वेळात पोचायचं, सगळं बदलतं. वेगळे बेस धरले तर बदलीच्या दोन वेगळ्या रांगा होतात आणि पनवेल-खारघरला राहणाऱ्याने नवी मुंबईच्या रांगेत आजच नाव टाकावं, कारण नवीन बेसवर पहिली काही वर्षंच विमानं आणि जागा भराभर वाढतात, नंतर तोही पुण्यासारखा भरतो. गोव्यात दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळ चालू आहेत, तिथल्या मुलांनी पण लेटरवर कुठलं नाव आहे ते बघूनच भाड्याचं घर ठरवा.